जास्तीचं एक मापटं

"उजेड जरा खाली धरा, काका. टाचेकडे."

काकांनी हातातला दिवा खाली केला. थोरली कुशीवर पडली होती आणि तिचा मागचा पाय डॉक्टरबाईंच्या मांडीवर होता. डॉक्टरबाईंनी बोथट सुरीनं खुराला चिकटलेली घाण खरवडली, ओल्या फडक्यानं खूर पुसला आणि मान वाकडी करून पाहत राहिल्या. खुराच्या वरच्या कडेपासून एक चीर सरळ खाली उतरली होती. टाच मऊ पडून फुगली होती. तिथं बोट टेकलं की थोरलीच्या सगळ्या अंगावरून शिरशिरी जायची. पण ती पाय ओढून घेत नव्हती. काकांचा दुसरा हात तिच्या पाठीवर होता, म्हणूनही असेल.

थोरली ही त्या डुकरांच्या फार्मवरची सगळ्यात जुनी मादी. माद्यांच्या कानात नंबराचे बिल्ले होते, पण काकूंनी एकेकीला नाव ठेवलं होतं, दोन्ही अर्थांनी. रुसकी, नकटी, हावरी, भवानी. थोरलीला मात्र मानाचं नाव मिळालं होतं. तिनं इतकी वेतं दिली होती, की शेडमधल्या निम्म्या माद्या तिच्या लेकी नाहीतर नाती निघाल्या असत्या.

"पायावरची कातडी बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खपल्या धरल्यात. आणि हे तेल कोणी लावलंय?"

"आमच्या हिनं. कोरडं दिसत होतं म्हणून."

डॉक्टरबाई दुसऱ्या कप्प्यात गेल्या, मग तिसऱ्या. चार-दोन माद्यांना उठवून त्यांनी बोळातून चालवायला लावलं. माद्या डोकं खालीवर करत, एकेक पाय चटका बसल्यासारखा उचलत चालल्या. शेवटच्या कप्प्यापर्यंत काकांच्या दंडाला कळ लागली, पण दिवा त्यांनी हलू दिला नाही. डॉक्टरबाईंबरोबर काम करायला त्यांना आवडायचं.

काका फार्मवर खाद्याच्या खोलीत होते. मका भरडायचा, सोयाबीनची पेंड मिसळायची, मीठ, चुनखडी, खनिजं मापून टाकायची, यंत्र फिरवायचं आणि तयार खाद्य गाडीवर घालून शेडशेडला पोचवायचं. लग्नानंतर वर्षाच्या आतच ते इथं लागले. मागून काकूही वेताच्या शेडवर लागल्या, म्हणजे जिथं माद्या विण्यासाठी आणून ठेवतात तिथं. दोघांचं आयुष्य त्या दोन छपरांमधल्या वाटेवर गेलं.

शिक्षण बेताचं असलं तरी काकांना औषधपाण्याची भारी हौस. कोणाची पाठ धरली, कोणाला उचकी लागली, कोणाची पोर रात्रभर किरकिरते, काकांकडे उपाय तयार. त्यांच्या उपायानं कोणाचं फारसं भलं झालं नसेल, पण वाईटही झालं नव्हतं. माणसं त्यांना अर्धा डॉक्टर म्हणायची. "पूर्ण डॉक्टर परवा येणार, तोवर अर्ध्याला दाखव," अशी थट्टा चालायची. काका हसून सोडून द्यायचे. खरं सांगायचं तर त्यांना ती थट्टा गोड वाटायची.

लंगडणं सुरू होऊन बरेच महिने झाले होते. आधी एक-दोन माद्या, मग ओळीनं. त्याचा पहिला फटका बसला काकूंच्या शेडला. धडधाकट मादी आडवी होताना आधी पुढचे गुडघे टेकते, मग कूस भिंतीला लावून हळूहळू खाली घसरते. तेवढ्यात पिल्लं बाजूला पळतात. पाय ठणकणाऱ्या मादीला ते जमत नाही. ती उभी राहते, उभी राहते, आणि मग एकदम कोसळते. खाली जी पिल्लं सापडतील ती सापडतील. काकू सकाळी दार उघडायच्या, एकेका कप्प्यात वाकून बघायच्या आणि चिरडलेली पिल्लं बादलीत घालून वर फडकं टाकायच्या. बोलक्या बाई, पण ती बादली नेताना कोणी काही विचारलं तर उत्तर देत नसत.

काकांना ते बघवेना. आणि त्यांच्यापुरतं त्यांना उत्तर माहीत होतं.

त्यांची एकुलती एक लेक लहानपणी उशिरा चालली. बरोबरीची पोरं अंगणभर धावत होती तेव्हा ही भिंत धरून उभी राहायची आणि मटकन बसायची. शेवटी दवाखान्यातून एक पांढरं, दाट औषध मिळालं. कॅल्शियमचं. काकांनी ते रोज स्वतःच्या हातानं पाजलं, तिनं थुंकलं तर पुन्हा पाजलं. आणि एक दिवस पोर भिंत सोडून, दोन्ही हात पसरून, सरळ त्यांच्याकडे चालत आली. तेव्हापासून त्यांच्या मनात पक्कं बसलं: पाय लटपटले की हाडं कच्ची, आणि हाडं कच्ची की कॅल्शियम.

चुनखडीची भुकटी खाद्याच्या खोलीत होतीच. ती कॅल्शियमसाठीच खाद्यात जायची, ठरल्या मापानं. काकांनी माद्यांच्या खाद्यात एक मापटं जास्तीचं टाकायला सुरुवात केली. लंगडणं थांबलं नाही, तेव्हा दोन टाकली. ते कोणापासून लपवत नव्हते. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. घरातल्या माणसाच्या ताटात आपण एक घास जास्त वाढतो, तसं ते होतं.

माद्या बघून झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "खाद्यात काय काय जातं ते मला एकदा दाखवता का?"

काका त्यांना खोलीत घेऊन गेले. एकेक पोतं उघडून त्यांनी दाखवलं. भरडा मुठीत घेऊन दाखवला, पेंडीचा वास घ्यायला लावला. खनिज मिश्रणाचं पोतं कोरड्या फळीवर ठेवलं होतं, तोंड बांधलेलं. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. एवढी नीट ठेवलेली खोली आपण दुसऱ्या कुठल्या फार्मवर पाहिली नाही असं त्या म्हणाल्या, आणि काकांना मूठभर मांस चढलं. मग त्यांनी कोपऱ्यातलं पोतं दाखवलं.

"ही चुनखडी. ठरलेलं माप जातंच. वर माद्यांसाठी आपली दोन मापटी जास्त." ते हसले. "कोणाला बोललो नाही अजून. म्हटलं, पाय सुधारले की सांगू."

डॉक्टरबाईंनी ते मापटं उचललं. ते केवढं आहे हे बघितल्यासारखं हातात फिरवलं.

"कधीपासून घालताय?"

"लंगडायला लागल्या तेव्हापासून. त्याच्यासाठीच तर."

डॉक्टरबाईंनी मापटं पोत्यावर ठेवलं. "काका, बसा जरा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आवाज न चढवता, सोप्या शब्दांत. खूर म्हणजे हाड नाही, खूर म्हणजे नख. त्याला चिवटपणा येतो जस्तानं, तांब्यानं, मँगनीजनं; आणि हे सगळं लागतं चिमूटभरच, पण ती चिमूट अंगात उतरावी लागते. खनिज मिश्रणात ती आहे, काका ती न चुकता घालतातही. पण चुनखडी प्रमाणाबाहेर गेली की जस्त आतड्यात अडकतं, अंगाला लागत नाही, जसं आलं तसं बाहेर जातं. म्हणून कातडीला खपल्या धरल्या. म्हणून नवा येणारा खूर ठिसूळ आला आणि वजन पडलं की चिरला.

काका ऐकत होते. ऐकताना ते पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

"म्हणजे मी घालत होतो, ते..."

"सगळं तुमच्यामुळे नाही," डॉक्टरबाई घाईनं म्हणाल्या. "जमीन ओली असते, खडबडीत आहे. काहींचे खूर आधीच बिघडले होते. मिश्रणही जरा बरं घ्यायला हवं होतं, ते मी मागंच सांगायला पाहिजे होतं." मग त्या थांबल्या. त्या बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. "पण एवढं वाढलं ते याच्यामुळे."

बाहेर कोणीतरी ढकलगाडी फरफटत नेत होतं. काकांनी पोत्याचं तोंड सुतळीनं आवळून बांधलं.

"आता उलटं काय घालू?" त्यांनी विचारलं.

"उलटं काही नाही. जास्तीचं बंद करायचं. नवीन मिश्रण मी देते, त्यातलं जस्त-तांबं अंगाला लवकर लागतं. आणि थांबायचं. चिरलेला खूर जुळत नाही, काका. नखासारखाच तो. वरून नवा येतो आणि जुना झिजत खाली जातो. पुरता नवा यायला वर्ष धरून चाला."

डॉक्टरबाई आपल्या गाडीकडे गेल्या. काका तडक मालकीणबाईंच्या खोलीकडे गेले.

मालकीणबाई स्वतः गमबूट घालून शेडमध्ये उतरणाऱ्या. नवऱ्यामागं फार्म त्यांनी एकटीनं चालवला होता आणि माणसांना तोडून बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. काका दारात उभे राहून बोलले, आत बसले नाहीत. कॅल्शियम, जस्त, दोन मापटी, सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी "सगळं तुमच्यामुळे नाही" म्हटलं होतं, ते तेवढं सांगितलं नाही.

मालकीणबाईंनी समोरची वही मिटली.

"तुम्ही मला विचारलं असतंत ना काका," त्या म्हणाल्या, "तर मीसुद्धा घाला म्हटलं असतं."

माद्या इतक्यात न विकता त्या पुढच्या वेतापर्यंत थांबायला तयार झाल्या. जमिनीचं काहीतरी करू म्हणाल्या, नवीन मिश्रण लगेच मागवते म्हणाल्या. काकांची समजूत होती की त्या ओरडतील, निदान खाद्याची खोली काढून घेतील. तसं काही झालं नाही.

घरी काकू नळाखाली कामाचे कपडे धूत होत्या. काकांनी त्यांच्या मागं उभं राहून सांगितलं. समोर जाऊन सांगायचा धीर झाला नाही. सांगून झालं तरी पाणी वाहतच होतं. मग काकूंनी नळ बंद केला.

"रोज सकाळी बादली मी उचलत होते," त्या म्हणाल्या.

एवढंच. ओले कपडे पिळून त्या वाळत घालायला गेल्या.

त्या घरात भांडणं काही कमी झाली नव्हती. काकू भांडल्या की शब्दांना तोटा नसे. भांडण संपता संपता त्यांनाच हसू यायचं आणि काका वाचायचे. या वेळी मात्र त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा भरून दिला, संध्याकाळी जेवायला वाढलं. किल्ली कुठं ठेवली, दूध संपलंय, छपराचा पत्रा वाजतोय, एवढं बोलणं चालू राहिलं. त्यापलीकडचं सगळं बंद झालं. काकांना वाटायचं, एकदा चांगलं धुऊन काढावं हिनं आपल्याला. पण तेवढीही मेहेरबानी काकूंनी केली नाही.

काका कामाला लागले. माद्यांच्या शेडमधली जमीन गवंड्याबरोबर बसून त्यांनी घासून घेतली, खडे आणि कडा मोडून काढल्या. पाणी साठायचं तिथं उतार काढला. बोळाच्या तोंडाशी एक उथळ टाकं बांधून घेतलं. त्यात मोरचुदाचं निळं पाणी, आणि माद्या रोज त्यातून पाय बुडवत जायच्या. दुपारी माद्या सुस्तावल्या की काका कानस घेऊन त्यांच्या मागं बसायचे आणि वाढलेले, वाकडे झालेले खूर हलकेच घासून सारखे करायचे. थोरली तर त्यांना बघून पाय लांब करायची.

खाद्याच्या खोलीत मात्र ते पहिले राहिले नाहीत. पूर्वी ते हाताच्या अंदाजावर बोलत, गाणं गुणगुणत मिसळायचे. आता मिश्रण तोलायचे, खाली ओतायचे, पुन्हा तोलायचे. काट्यावरचा आकडा दिसत असूनही शेजारच्या माणसाला बोलावून दाखवायचे. यंत्राजवळच्या एका जुन्या जोडीदाराला खोकला झाला, त्यानं सवयीनं विचारलं, "काका, काय घेऊ?" काका म्हणाले, "दवाखान्यात जा." तो हसला, त्याला थट्टा वाटली. काका पुन्हा म्हणाले, "मला काही कळत नाही. दवाखान्यात जा." हळूहळू लोकांनी विचारायचं सोडलं. अर्धा डॉक्टर हे नावही कोणी मुद्दाम टाकलं नाही, ते आपोआप मागं पडलं.

त्याच दिवसांत लेकीचा फोन आला. ती लग्न होऊन लांबच्या शहरात राहत होती आणि तिला दिवस गेले होते. आईशी बोलून झाल्यावर तिनं बाबांना फोन द्यायला सांगितलं. लहानपणापासून दुखण्याखुपण्याचं ती बापालाच विचारायची. तिला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन्ही एकदम घेऊ नका, मध्ये वेळ जाऊ द्या, असं बजावलं होतं.

"असं का हो बाबा?" तिनं विचारलं. "दोन्ही चांगल्याच ना?"

काकांना उत्तर ठाऊक होतं. ते फोन कानाला लावून उभे राहिले. पलीकडून लेक दोनदा "बाबा?" म्हणाली.

"त्यांनी सांगितलंय तसंच कर," काका म्हणाले आणि फोन काकूंच्या हातात दिला.

काकूंनी त्या वेळी त्यांच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. पण लेक फोनवर होती, त्या तिच्याशी बोलत राहिल्या.

थंडी सरता सरता एका दुपारी काका कानस घेऊन थोरलीच्या मागं बसले होते. त्यांनी फडक्यानं खूर पुसला आणि त्यांचा हात थांबला. अगदी वर, जिथं केस संपतात आणि खूर सुरू होतो तिथं, बोटाच्या पेराएवढी एक पट्टी आली होती. गुळगुळीत, तुकतुकीत, एकही रेघ नसलेली. तिच्याखाली जुना खूर होता तसाच, चिरलेला, भुसभुशीत; पण चीर त्या पट्टीत शिरली नव्हती. काकांनी दुसरा पाय पाहिला. मग रुसकीचे, मग हावरीचे. कमीजास्त सगळ्यांना ती पट्टी आली होती.

ते वेताच्या शेडपर्यंत जवळजवळ पळत गेले. काकूंना म्हणाले, "जरा येतेस?"

काकू हात पुसत आल्या. थोरलीपाशी खाली बसल्या आणि काकांनी दाखवलं तिथं त्यांनी अंगठा ठेवला. वरून खाली फिरवला. नव्यावरून जुन्यावर येताना अंगठा अडला.

"चांगला येतोय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "हळू येतोय."

त्या दिवशी काकू जेवताना थोरलीविषयी आणखी दोन वाक्यं बोलल्या, आणि काकांना रात्री गाढ झोप लागली.

पण खूर त्याच्या चालीनं येत होता आणि बाकीचं त्याच्यासाठी थांबायला तयार नव्हतं. दुखऱ्या पायांच्या माद्या नीट खात नव्हत्या, वेळेवर माजावर येत नव्हत्या. ज्या आल्या त्यांतल्या बऱ्याच गाभण राहिल्या नाहीत. काहींच्या खुरातली चीर आत पोचून सांध्यात पू झाला. त्या उठेनाशा झाल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना तिथंच इंजेक्शन देऊन शांत केलं. काका प्रत्येकीच्या वेळी हजर राहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही नसलात तरी चालेल. काका म्हणाले, असू दे.

थोरली मात्र गाभण राहिली होती. तिचे दिवस भरले तेव्हा काकूंनी तिला वेताच्या शेडमध्ये नेलं, कोरडा भुसा टाकला, पिल्लांना पळायला जागा राहावी म्हणून कडेनं दांडे लावले. वेत भर दिवसा उजेडी झालं. चांगली गुबगुबीत पिल्लं, सगळी जिवंत. काका दारातून बघत होते. पिल्लं आचळांना लागली, थोरली समाधानानं घुरघुरत होती, आणि काकू, कित्येक महिन्यांनी, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत हसल्या.

दुसऱ्या दिवशी खाद्य खायला थोरली उठली. खाऊन झालं, पाणी प्यायली. मग ती आडवी व्हायला वळली. काकू तिथंच होत्या. त्यांनी पिल्लं हातानं मागं ओढायला सुरुवात केली होती. थोरलीनं पुढचा एक गुडघा वाकवायचा प्रयत्न केला. तिला खरंच हळू बसायचं होतं, ते दिसत होतं. मागचे पाय थरथरले आणि ती कोसळली. दांड्यांच्या आतच चार पिल्लं होती. एकाचं ओरडणं थोडा वेळ ऐकू आलं. थोरलीनं ते ऐकून उठायची धडपड केली, आणि त्या धडपडीत आणखी एक सापडलं.

काकूंनी बादली आणली. या वेळी ती काकांनी उचलली.

डॉक्टरबाई येऊन बघून गेल्या. नवा खूर उत्तम येतोय, त्या म्हणाल्या, पण तो अजून जमिनीला टेकलेला नाही. सगळा भार जुन्यावरच आहे. मालकीणबाईंनी त्यांना दारातच विचारलं की आणखी थांबण्यात काही अर्थ आहे का. डॉक्टरबाईंनी काकांकडे न बघता सांगितलं की नाही. या सगळ्या लंगड्या माद्या काढून टाकाव्यात, नव्या जमिनीवर नव्या, तरण्या माद्या आणाव्यात आणि त्यांना पहिल्यापासून चांगलं खनिज द्यावं. खर्च भागवायचा तर फार्मला दुसरा मार्ग नाही. जे होतं ते त्यांनी सांगितलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

काकांनी एकच विचारलं. "टेकायला अजून किती लागले असते?"

"वेताला आल्या नसत्या, नुसत्या मऊ जागेवर बसून राहिल्या असत्या, तर तीन-चार महिने," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "खरंच चांगला आला होता, काका."

थोरलीची उरलेली पिल्लं पाय चांगले असलेल्या दुसऱ्या माद्यांना लावून दिली. ट्रक आला तो दिवस उन्हाचा होता. ट्रकला टेकवलेल्या लाकडी उतारावरून माद्या वर चढवायच्या होत्या. ड्रायव्हरजवळ करंटची काठी होती. काकांनी मालकीणबाईंना विचारलं, मी चढवू का. त्यांनी होकाराची मान हलवली.

काकांनी एकेकीला कप्प्यातून काढलं. दोरी लावली नाही, मागून ढकललं नाही. हातात एक फळी धरून ते शेजारून चालले, ती थांबली की थांबले, निघाली की निघाले. हावरी चढली, नकटी चढली. रुसकी अर्ध्यावरून परत फिरली, तिला पुन्हा नेलं. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. वेताच्या शेडचं दार उघडं होतं आणि आतून पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता. काकू बाहेर आल्या नव्हत्या.

थोरली शेवटी निघाली. दोन पावलं, मग उभी. पुन्हा दोन पावलं. उताराच्या मध्यावर आली आणि कोसळली. लाकूड कडाडलं. ट्रकमधल्या माद्या एकदम गलका करून उठल्या आणि पुन्हा शांत झाल्या.

ड्रायव्हर काठी घेऊन पुढं आला.

"थांबा," काका म्हणाले. "उठेल ती."

"केव्हा?"

"तिला जमेल तेव्हा."

ड्रायव्हरनं मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या. काका उतारावर थोरलीशेजारी बसले. इंजिन चालू होतं, त्याच्या थरथरीनं लाकडी फळ्या हलत होत्या आणि थोरलीच्या अंगावरची कातडी उडत होती. थोड्या वेळानं ड्रायव्हर आपण होऊनच वर चढला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

मग शेडमधला पाण्याचा आवाजही थांबला. काकू दारात आल्या. ओल्या गमबुटांनी चालत त्या उतारापाशी आल्या, दुसऱ्या बाजूनं वर चढल्या आणि थोरलीच्या डोक्याजवळ बसल्या. बसताना त्यांनी एकदा वर पाहिलं आणि थोडं सरकून जागा बदलली, म्हणजे त्यांची सावली थोरलीच्या तोंडावर पडेल.

"ऊन लागतंय तिला," त्या म्हणाल्या.

थोरलीची पाठ अजून उन्हातच होती. काका उठले, तिच्या पायांना धक्का लागू न देता वळसा घालून पलीकडे गेले आणि काकूंच्या शेजारी बसले.